खचलेला किनारा आणि तातडीचा निधी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वादळी उधाणाने सार्वजनिक किनाऱ्याची वाळू ओढून नेली, नगरपालिकेने तातडीच्या दुरुस्तीला निधी मंजूर केला, आता पुढे काय करायचं, अशा आशयाची बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमच्या किनारा-अभियंत्यांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : उधाणानंतर आमच्या किनाऱ्यावर पुरुषभर उंचीचा वाळूचा उभा कडा तयार झाला आहे. लोक त्याच्या टोकावर उभे राहतात, मुलं खाली बसून त्यात बिळं खणतात. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला महिना तरी जाईल. तोवर आम्ही काय करावं? (एक नगरसेविका)

कडा आज उभा दिसतो तो ओलाव्यामुळे. वाळूच्या कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं. ऊन-वाऱ्याने ती कोरडी झाली की कडा एकदम बसतो, आधी तडाही दिसेलच असं नाही. एक घनमीटर ओली वाळू पावणेदोन ते दोन टन भरते. खाली बसलेल्या मुलाच्या अंगावर त्यातली थोडी आली तरी जीव जाऊ शकतो. त्यामुळे महिनाभर वाट पाहू नका, हे काम याच आठवड्यात करून घ्या.

वरच्या बाजूला काठापासून कड्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर कठडे लावा. खालची बाजूही तितकीच बंद करा; ती बहुतेक ठिकाणी विसरली जाते. मग लांब हाताचं पोकलेन काठापासून मागे उभं करून वरची कड कापा आणि वाळू पायथ्याशी पडू द्या. उतार १ उभा : ३ आडवा किंवा त्याहून सपाट ठेवा. यंत्र खाली लावून पायथा उकरायचा नाही, त्याने कडा यंत्रावरच येतो. उतार केल्यावर उघड्या पडलेल्या केबल, सांडपाण्याचे पाइप, जुन्या पायऱ्यांच्या सळ्या शोधून घ्या. विजेची केबल दिसली तर तिचा पुरवठा बंद झाल्याची लेखी खात्री मिळेपर्यंत तो पट्टा उघडू नका.

हे सगळं करण्याआधी एकदा मोजणी करून घ्या. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मोजणीत वेळ घालवू नका, आधी डंपर लावा, असा दबाव आहे. तातडीच्या कामात मोजणी खरंच टाळता येत नाही का? (कनिष्ठ अभियंता, बांधकाम विभाग)

टाळू नका. तीनशे मीटरच्या किनाऱ्याची मोजणी एक-दोन दिवसांत होते. ती झाली नाही तर किती वाळू टाकली, किती राहिली, कंत्राटदाराचं देणं किती आणि वरच्या सरकारकडे मागायची भरपाई किती, यांतल्या एकाही प्रश्नाला उत्तर राहत नाही.

किनाऱ्याला काटकोनात दर ५० मीटरवर एक रेघ घ्या. जिथे कडा किंवा नाल्याचं तोंड आहे तिथे २५ मीटरवर. प्रत्येक रेघ मागच्या पक्क्या खुणेपासून सुरू होऊन पाण्यात, जमेल तितकी खोलवर गेली पाहिजे. जमिनीवर आरटीके जीपीएसने, म्हणजे अचूक मोजणीच्या जीपीएसने, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत उंची मिळते. ड्रोन झटपट काम करतो, पण जमिनीवर मोजलेल्या खुणा टाकल्याशिवाय त्याच्या उंचीवर विसंबू नका. पाण्याखालचं तर त्याला दिसतच नाही. त्यासाठी होडीवरचं खोलीमापक लागतं. ओहोटीला कंबरभर पाण्यापर्यंत माणूस काठी घेऊन चालला आणि भरतीला होडी शक्य तितकी आत आली, तर दोन्ही मोजण्या एकमेकींवर येतात. मधे मोकळा पट्टा राहिला तर नेमका तिथलाच हिशेब चुकतो.

आकारमान काढायची पद्धत साधी आहे. एका रेघेवरच्या उभ्या छेदात ४२ चौरस मीटर वाळू कमी झाली, ५० मीटर पुढच्या रेघेवर ५८. सरासरी ५०, गुणिले अंतर ५०, म्हणजे त्या तुकड्यात २,५०० घनमीटर.

पाण्याखालचं मोजायचं आणखी एक कारण आहे. वादळाने ओढलेली सगळी वाळू कायमची जात नाही. बरीचशी थोड्या अंतरावर पाण्याखालच्या दांड्यात, म्हणजे वाळूच्या लांबट उंचवट्यात, जाऊन बसते आणि पुढच्या काही महिन्यांत शांत, लांब लाटा ती हळूहळू परत आणतात. दांडा मोठा असेल तर वाळू अजून तुमच्याच किनाऱ्याच्या व्यवहारात आहे. दांडाच नसेल तर ती बाजूला वाहून गेली किंवा खूप खोल गेली. या दोन किनाऱ्यांना लागणारा पैसा सारखा नसतो.

प्रश्न : आमचा किनारा ३०० मीटर लांब आहे, मागे पादचारी मार्ग आहे. लोकांना पूर्वीची २० मीटर रुंदी परत हवी आहे. मंजूर निधीत ते बसेल का, हे आम्ही कसं ठरवावं? (नगरपालिकेच्या स्थायी समितीचे एक सदस्य)

आधी दोन कामं वेगळी करा. मागच्या मार्गाला पुढच्या उधाणापासून वाळूचा बांध घालून वाचवणं हे तातडीचं काम. २० मीटर रुंद पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, बाहेरून वाळू टाकून परत आणणं हे भरणाचं काम. दोन्हींच्या वाळूत बारा-तेरा पटींचा फरक आहे, आणि तातडीच्या निधीच्या बहुतेक तक्रारी एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाच्या अपेक्षेने खर्च केल्यामुळे होतात.

तातडीच्या बांधाचा हिशेब असा : माथा ३ मीटर रुंद, उंची दीड मीटर, जमिनीकडचा उतार १:३, समुद्राकडचा १:४. छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १२.४ चौरस मीटर, म्हणजे मीटरमागे १२.४ घनमीटर आणि ३०० मीटरला सुमारे ३,७०० घनमीटर. भरलेली वाळू डंपरमध्ये सैल असते, म्हणून १२ टक्के वाढवा. दहा घनमीटरच्या डंपरच्या सुमारे ४१५ खेपा होतात. आठ डंपर, प्रत्येकी दिवसाला आठ खेपा धरल्या तर आठवड्याचं काम. दीड मीटर उंची आम्ही उदाहरणादाखल घेतली आहे. तुमच्याकडे माथा किती वर लागेल ते मोठ्या भरतीची पातळी, वादळाने चढणारं पाणी आणि लाटेची उतारावरची धाव यांची बेरीज करून ठरवा.

आता २० मीटर रुंदी. इथे दिसणाऱ्या वाळूपुरता हिशेब केला की फसगत होते, कारण किनारा पाण्याखाली बराच आत जातो. एका विशिष्ट खोलीपलीकडे लाटा तळाची वाळू फारशी हलवत नाहीत. तिथपर्यंतचा सगळा उतार पुढे सरकला तरच वरची रुंदी टिकते. तुमच्याकडे ती खोली ६ मीटर आणि पुळणीचा माथा पाण्यावर २ मीटर असेल, तर रुंदीच्या प्रत्येक मीटरला, किनाऱ्याच्या मीटरमागे, ८ घनमीटर वाळू लागते. वीस मीटरला १६०. तीनशे मीटर लांबीला ४८,००० घनमीटर. डंपरने आणायची म्हटली तर पाच हजारांवर खेपा, आणि वरच्याच गतीने जवळजवळ तीन महिने. इतक्या कामाला समुद्रातून वाळू उपसून पाइपाने किनाऱ्यावर टाकणारं ड्रेजर जहाज विचारात घ्यावं. त्याचा प्रति घनमीटर दर कमी पडतो, पण जहाज आणण्या-नेण्याचा खर्च काम लहान असो वा मोठं, तेवढाच राहतो. म्हणून शेजारच्या गावांनी एकत्र निविदा काढली तर दोघांचाही फायदा होतो.

लांबीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. पुढे आलेला वाळूचा फुगवटा लाटा दोन्ही बाजूंना पसरवतात. भरणाची लांबी दुप्पट केली तर वाळूचा तेवढाच हिस्सा निघून जायला चौपट वेळ लागतो. लांबी निम्मी केली तर पाव वेळ. फक्त खचलेल्या शंभर मीटरमध्ये भरपूर वाळू ओतण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ती सर्वांत लवकर जाते. निधी थोडा असेल तर तो अशा तुकड्यावर रुंदीसाठी न घालता मागच्या बांधावर घाला. भरण करायचंच असेल तर दोन्ही टोकं एकदम तोडू नका, निमुळती करत न्या.

प्रश्न : भरणानंतर किनारा छान रुंद दिसत होता. चार महिन्यांत निम्मी रुंदी गेली. आमच्या करातून आलेला पैसा समुद्रात गेला, अशी लोकांची भावना आहे. यात गैरव्यवहार असू शकतो का? (किनाऱ्यालगतच्या सोसायटीचे सचिव)

असू शकतो, पण रुंदी घटली एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. यंत्रांनी वाळू वरच्या भागात जाड थराने टाकलेली असते, कारण पाण्याखाली नीट उतार करत बसणं महाग पडतं. ती खाली ओढून आपला नैसर्गिक उतार घडवायचं काम लाटा करतात. पहिल्या वर्षात वरची रुंदी खूप कमी होणं हे चांगल्या भरणातही घडतं, आणि आराखड्यात ते आधीच धरलेलं असतं. पालिकेने ते कामाच्या फलकावर सुरुवातीलाच लिहायला हवं : ‘आज दिसणारी रुंदी इतकी, लाटांनी उतार घडवल्यावर अपेक्षित रुंदी इतकी’. लोकांना आधी सांगितलं तर ते समजून घेतात.

तुम्ही पालिकेकडे तीन गोष्टी मागा : काम सुरू होण्याआधीची मोजणी, काम संपल्याची मोजणी आणि आत्ताची मोजणी, तिन्ही त्याच रेघांवर आणि पाण्याखालपर्यंत. वरची वाळू कमी होऊन खाली तेवढीच वाढली असेल तर माल जागेवर आहे. शेजारच्या किनाऱ्यावर वाढ दिसत असेल तर ती पसरली. कुठेच सापडत नसेल, तर टाकलेली वाळू फार बारीक होती किंवा मोजलीच नव्हती. तेव्हा मात्र चौकशी मागा.

प्रश्न : स्वस्त वाळू मिळत असेल तर ती का घेऊ नये? वाळू ती वाळू. (एक वाचक)

कणाचा आकार किनाऱ्याचा उतार ठरवतो. किनारा-अभियंते वापरतात त्या सूत्रानुसार ०.३ मिलिमीटर कणांचा किनारा ६ मीटर खोली सुमारे ३३० मीटर अंतरावर गाठतो, ०.२ मिलिमीटरचा सुमारे ४६५ मीटरवर. कण एका दशांश मिलिमीटरने बारीक झाला की उतार एवढा सपाट होतो, आणि तो घडवायला लागणारी वाळू तुमच्या वरच्या रुंदीतूनच जाते. म्हणून मूळ वाळूइतकी किंवा किंचित जाड वाळू घ्या. फार जाड घेतली तर किनारा उभा होतो, पाय रुततात, आंघोळीच्या जागी पाणी एकदम खोल होतं.

चाळणी चाचणी प्रयोगशाळेतून कराच, ०.०६३ मिलिमीटरहून बारीक गाळ ५ टक्क्यांच्या आत असावा. शिवाय ट्रक रिकामा करण्याआधी जागेवर काचेच्या बरणीची चाचणी घ्या. बरणी एक तृतीयांश वाळूने भरा, वर पाणी, मिनिटभर हलवा आणि ठेवून द्या. चांगली वाळू क्षणात तळाशी बसते. दहा मिनिटांनंतरही पाणी चहाच्या रंगाचं राहिलं, किंवा वाळूवर बोटाच्या पेराइतका मऊ थर बसला, तर ती खेप परत पाठवा. गाळाची वाळू वाळल्यावर पापडीसारखी कडक होते, ओली असताना पाणी गढूळ करते. दगड दळून केलेली वाळू कोनेरी असते. घट्ट बसते आणि अनवाणी पायांना टोचते. बांधकामाच्या राडारोड्यातून चाळलेली तर मुळीच नको, त्यात काच आणि तारा निघतात.

कासवं जिथे अंडी घालतात तिथे रंग आणि घट्टपणाही मोजा. गडद वाळू जास्त तापते आणि पिल्लं नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. यंत्रांनी दाबलेली वाळू मादीला खणता येत नाही. ती विणीच्या हंगामाआधी खोल नांगरून मोकळी करावी लागते.

प्रश्न : ओहोटीला समोरचीच वाळू डोझरने वर लोटली तर? खर्च जवळजवळ नाहीच. (वॉर्ड समिती सदस्य)

चालतं, पण त्याने किनाऱ्यात एक कणही वाढत नाही, फक्त जागा बदलते. ३० सेंटिमीटरपेक्षा जाड थर काढू नका, खड्डे ठेवू नका आणि पाण्यातला दांडा किनाऱ्याला येऊन मिळत असताना, म्हणजे पुळण स्वतःहून भरत असताना करा. वाळू घटत असलेल्या किनाऱ्यावर केलंत तर पुढचा भाग खोल होतो आणि पुढची लाट अधिक जोराने वर येते.

प्रश्न : वाळू टिकत नाही, मोठे दगड टाका, अशी आमच्या भागातली मागणी आहे. तातडीच्या निधीतून दगडी बंधारा बांधावा का? (एक नगरसेवक)

मागे रुग्णालयाचा रस्ता, मुख्य जलवाहिनी किंवा घरांचा पाया उघडा पडला असेल तर बांधा. पुळण वाचवण्यासाठी मात्र नको. बंधारा मागची जमीन धरतो, पुढची वाळू धरत नाही. मागे सरकायला जागा नसलेली पुळण हळूहळू संपते. त्याच्या टोकांपाशी धूप वाढते आणि शेजारचा वॉर्ड दगड मागायला येतो.

बांधायचाच असेल तर दगडाच्या वजनाशी तडजोड करू नका. लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. बंधाऱ्यापाशी लाट दीड मीटर, उतार १:२ आणि फुटत्या लाटांसाठीचा गुणांक २ धरला तर हडसनच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या दगडाचं वजन काढायच्या, सूत्राने दगड सुमारे ५६० किलोचा येतो. लाट २ मीटर झाली की १,३०० किलोच्या वर. डंपरमधून उलटे केलेले पन्नास-शंभर किलोचे दगड पहिल्या वादळात पुळणीवर विखुरतात आणि पुढे कित्येक वर्षं पोहणाऱ्यांचे पाय फोडतात. दगडाखाली जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) आणि त्यावर लहान दगडांचा थर लागतो. तो नसेल तर मागची माती फटींतून निघून जाते आणि बंधारा वरून शाबूत दिसत असताना आतून पोकळ होतो. पायथा किती खोल न्यायचा, तर ढोबळ नियम असा की लाटेच्या उंचीइतकी वाळू पायथ्यापाशी खरवडली जाऊ शकते. त्याच्या खाली न्या.

तात्पुरत्या कामाला वाळू भरलेल्या मोठ्या जिओटेक्स्टाइल पिशव्या बऱ्या, कारण नंतर कापून वाळू तिथेच सोडता येते. पिशवी पाऊण ते अडीच घनमीटरची हवी, दोन थर, आणि पायथा वाळूत गाडलेला. पंचवीस किलोची गोणी लाटेत टिकत नाही. पिशव्यांचे शत्रू दोन : ऊन आणि चाकू. उघड्या पिशव्यांवर वाळूचं पांघरूण राखा, आणि फाटलेली पिशवी दिसल्या दिवशीच ठिगळ लावा. एक रिकामी झाली की तिच्यावरच्या दोन घसरतात.

प्रश्न : बिल खेपांवर द्यावं, वजनावर की मोजणीवर? आणि वरच्या सरकारकडून भरपाई मिळावी म्हणून कोणते कागद जपायचे? (लेखा विभागातील कर्मचारी)

जागेवर बसलेल्या वाळूच्या मोजणीवर. खेपा मोजल्या तर डंपर अर्धे भरून येतात. वजनावर दिलं तर पाण्याचे पैसे जातात. सोळा टनांच्या खेपेत दहा टक्के पाणी असेल तर १.६ टन तुम्ही समुद्राकाठी पाणी विकत घेतलं. खेपांची पावती ठेवा, पण पडताळणीपुरती.

करारात हे स्पष्ट लिहा. किनारा ५० ते १०० मीटरच्या तुकड्यांत ताब्यात घ्यायचा. तुकडा पूर्ण झाला की २४ ते ४८ तासांत संयुक्त मोजणी. आराखड्याच्या रेघेपासून १५ सेंटिमीटर वर-खाली चालेल, त्यावर टाकलेल्या वाळूचे पैसे नाहीत. ताब्यात घेतलेल्या तुकड्याचं वादळाने नुकसान झालं तर जबाबदारी पालिकेची, घेतला नसेल तर कंत्राटदाराची. हे वाक्य नसलं की कंत्राटदार तो धोका दरात घालतो किंवा नंतर कोर्टात जातो. यंत्रं आणणं-नेणं ही बाब वेगळी दाखवा. डंपरच्या वाटेवरच्या रस्त्यांचं आणि कठड्यांचं कामाआधी चित्रीकरण करा.

भरपाईसाठी सर्वांत मोलाचा कागद आपत्तीच्या आधीचा असतो : किनारा कसा होता आणि तुम्ही त्याची काय निगा राखत होता. अमेरिकेत फेमा ही केंद्रीय आपत्ती यंत्रणा तातडीचा बांध पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाच्या पातळीपुरता धरते, आणि गेलेली वाळू परत भरायला मदत तेव्हाच देते, जेव्हा तो किनारा आराखडा करून भरलेला आणि ठरल्याप्रमाणे पुन्हा भरण करून राखलेला असतो. निव्वळ नैसर्गिक किनाऱ्याच्या वाळूला पैसे मिळत नाहीत. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील. ते आपत्तीनंतर न वाचता आधी वाचा, आणि वर्षातून दोनदा त्याच रेघांवर मोजणी करून फाइलला लावा.

प्रश्न : पावसाळी नाला थेट नव्या बांधाखालून पुळणीवर सुटतो. बांधाला धोका आहे का? (रहिवासी)

आहे. पाऊस पडला की नाला सगळ्यांत आधी बांध फोडतो. पाइप बांधाच्या पायथ्यापलीकडे वाढवा, किंवा तेवढ्या जागी बांध मुद्दाम मोकळा सोडून दोन्ही टोकं पिशव्यांनी धरा. नाला बुजवून वर वाळू टाकू नका.

प्रश्न : दर वेळी वाळू, दर वेळी ठराव. यातून सुटका कशी? (एक नगरसेविका)

आधी वाळूचा पुरवठा कुठे तुटला ते पाहा. किनाऱ्याच्या ज्या बाजूने वाळू येते तिथे बंदराची भिंत किंवा जेट्टी असेल, तर ती तिकडे साचते आणि तुमच्याकडे तूट पडते. मग किती भरण केलं तरी तीच तूट दर वर्षी परत येते. अशा ठिकाणी साचलेली वाळू पंपाने पलीकडे पोहोचवणं हा खरा उपाय. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी ही कायमची व्यवस्था २००१ पासून चालू आहे आणि तिथला किनाऱ्यालगतचा वाळूचा प्रवाह वर्षाला पाच लाख घनमीटरच्या आसपास आहे. बंदराच्या वाहिनीतून उपसलेली स्वच्छ वाळू खोल समुद्रात टाकली जात असेल, तर ती किनाऱ्यावर टाकायचा करार बंदराशी करा. त्याहून स्वस्त वाळू मिळणार नाही.

जिथे असं एकच कारण सापडत नाही तिथे भरण हा देखभालीचा नियमित खर्च माना. नेदरलँड्सने १९९० साली किनारारेषा आहे तिथे राखायचं धोरण ठरवलं आणि २००१ पासून वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर वाळूचं लक्ष्य ठेवलं. २०११ मध्ये हेगजवळ सव्वादोन कोटींच्या थोडी आत, २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकदम टाकून ती लाटांना आणि वाऱ्याला पसरवू दिली. लहान शहराला हे परवडणार नाही, पण पद्धत उचलता येते. राखीव निधीत दर वर्षी ठरलेली रक्कम टाका. कोरड्या पुळणीची किमान रुंदी ठरवा, आणि मोजणीत ती त्याखाली गेली की ठरावाची वाट न पाहता काम सुरू होईल असा दरकरार वादळी हंगामाच्या आधीच करून ठेवा. वाळूचा स्रोत, चाळणीचे निकाल आणि पर्यावरण परवानगी त्या कराराला जोडलेली असू द्या. तातडीच्या कामात सर्वाधिक दिवस या तीन कागदांतच जातात.

बांधावर स्थानिक वाळूवेली आणि गवत लावा. मागच्या बाजूला, लाटेच्या टप्प्याबाहेर, निम्मी फट असलेल्या चार फुटी काठ्यांचं कुंपण घाला. वारा त्यामागे वाळू टाकतो. कुंपण बुडत आलं की त्यावर दुसरं घाला. ये-जा करायला लाकडी पूल बांधाच्या वरून न्या, कारण लोकांच्या पायवाटेने पडलेल्या खाचेतूनच पुढच्या उधाणाचं पाणी आत शिरतं.